लेखिकेने तपासावे

हिरव्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या आणि तिच्या कपातला चहा बशीत सांडला. खरं तर दचकण्यासारखं काहीच नव्हतं. शुक्रवारची सकाळ, अध्यापकांच्या खोलीतला पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता, आणि टेबलावर छापखान्याकडून आलेला प्रुफांचा गठ्ठा पडला होता. तिच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार होती, पहिलीनंतर तब्बल नऊ वर्षांनी. आधुनिक नाटकातली आई हा तिचा विषय. त्यावर तिने जन्म घालवला होता असं तिचे विद्यार्थी म्हणत, आणि तिलाही ते ऐकायला आवडे. गठ्ठा सोडला तेव्हा तिच्या मनात होतं की तासाभरात चाळून टाकू, चार काने-मात्रे बघू आणि देऊ पाठवून. चुका लाल शाईने दाखवलेल्या होत्या, अगदी बारीक, नीटस. त्या बघून काही वाटलं नाही. पण चौदाव्या पानाच्या समासात हिरव्या पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं, आणि त्यातल्या 'त'ची शेपटी अशी वळली होती, की ते अक्षर तिने जगात एकाच माणसाच्या हातून उतरताना पाहिलं होतं. शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर तिचं नाव त्याच अक्षरात असे. चुका लाल शाईने, शंका हिरव्या पेन्सिलीने. कारण चूक ही चूक असते, ती ठणकावून दाखवायची. शंका लेखकाला विचारायची, आणि उत्तर आलं की खोडून टाकायची. हे तिला लहानपणीच पाठ होतं, जसं इतर मुलांना पाढे पाठ असतात. तिची आई मुद्रितशोधक होती.

तिने छापखान्याच्या मालकांना फोन लावला. "हो हो, मॅडम, सांगायचं राहिलंच," ते म्हणाले. "आमच्या नेहमीच्या माणसाने हात मोडून घेतलाय. म्हणून एका जुन्या बाईंकडे दिलं काम. निवृत्त झाल्यात, पण नजर बघा, ससाण्याची. काही गडबड केली का त्यांनी?" नाही, नाही, काम उत्तम आहे, ती म्हणाली. तिचा आवाज नको तितका गोड झाला. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, तेव्हा मालकांना कळायचं कारण नव्हतं. आणि त्या जुन्या बाईंनी काम घेताना तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. 'माझ्याच मुलीचं पुस्तक आहे' असं नुसतं म्हणाल्या असत्या तर मालकांनी जास्तीचा चहा मागवला असता. फोन ठेवल्यावर तिला वाटलं, कोणीतरी आपल्याला आंघोळ करताना पाहिलंय, आणि पाहून काही न बोलता दार लोटून घेतलंय.

कारण हे पुस्तक तिने आईला कधी वाचायला दिलंच नव्हतं. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा आईने विचारलं होतं, "एखादी प्रत उरलीय का?" आणि तिने उत्तर दिलं होतं, "अगं, ते फार शास्त्रीय आहे, तुला कंटाळा येईल." जिने तीस वर्षं रसायनशास्त्राची पाठ्यपुस्तकं, कायद्याचे ग्रंथ आणि मेलेल्या प्राध्यापकांचे गौरवग्रंथ ओळ न ओळ वाचले, तिला ती म्हणाली, तुला कंटाळा येईल. आई म्हणाली, "बरं." आईच्या 'बरं'चं एक बरं असे, ते पुढे काही मागत नसे. खरी गोष्ट ही होती, की पहिल्या प्रकरणात आई होती. नाव नव्हतं, गाव नव्हतं. नुसतं 'माझ्या माहितीतली एक मुलगी' आणि 'त्या मुलीची आई'. पाच वर्षांची मुलगी. दुपारची वेळ. आईला नाटकाच्या तालमीला जायचं आहे. ती मुलीला आतल्या खोलीत घालते, बाहेरून कडी लावते आणि निघून जाते. पुढचे तेवीस परिच्छेद त्या बंद दारावर होते. आधुनिक नाटकात आईला दोनच जागा आहेत, एक चुलीपाशी आणि एक दाराबाहेर, असं त्यात म्हटलं होतं. चुलीपाशी राहिली तर ती मुलाला गिळते, दाराबाहेर गेली तर मुलाला मारते, आणि तिसरी जागा तिला नाटककाराने दिलेली नाही. मुलाच्या मनात आईचे दोन तुकडे होतात, दूध देणारी एक आणि दार लावणारी दुसरी, आणि पुढे तो मोठा होऊन नाटक लिहितो तेव्हा त्याला त्या दोघी एकच बाई आहेत हे आठवत नाही. सगळं खरं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं. परीक्षण करणाऱ्यांनी 'बंद दार' या प्रकरणाचं कौतुक केलं होतं, एकाने तर 'अंगावर काटा येतो' असं लिहिलं होतं. तो काटा आपलाच आहे हे कळून ती आठवडाभर हवेत होती.

आणि आता चौदाव्या पानाच्या समासात हिरव्या पेन्सिलीने लिहिलं होतं: 'पृ. ११ वर कडी बाहेरून लावलेली. इथे मुलीच्या बोटांना कडी गार लागते. मुलगी आत आहे. दोन्ही कसे? लेखिकेने तपासावे.'

तिने अकरावं पान काढलं. कडी बाहेरून लावली होती. चौदावं पान काढलं. 'तिच्या बोटांना कडीचा गारवा आजही आठवतो.' नऊ वर्षांत दोन परीक्षकांनी, तीन संपादकांनी, विद्यार्थ्यांच्या किती तुकड्यांनी ही पानं वाचली होती. कोणाला दिसलं नव्हतं. सगळ्यांच्या अंगावर काटा आला होता, त्या गडबडीत कडी कोणी पाहिली नाही. तिने पेन उचललं. का उचललं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. तोपर्यंत मनात विचार असा आलाच नव्हता, नुसती घाई आली होती, पोरगं पाटीवरचं चुकलेलं गणित बाहीने पुसतं तशी घाई. तिने शंकेखाली निळ्या शाईत ठसठशीत लिहिलं: 'तसेच ठेवावे.' खाली सही केली. आणि पान उलटं करून ठेवलं.

पुढच्या तासाला तिला नेमकं तेच शिकवायचं होतं. एका आठवणीखाली दुसरी आठवण कशी दडवलेली असते. फळ्यापाशी उभी राहून ती सांगत होती, "मनाला जे सोसवत नाही ते मन पुसून टाकत नाही. त्यावर काहीतरी झाकतं. झाकण फार स्पष्ट असतं, लख्ख. इतकं लख्ख, की त्याच्याच स्पष्टपणाचा संशय यायला हवा." हे वाक्य ती दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी मुलं ते उतरवून घेत. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही मुलगी तिची लाडकी. "मॅडम, तुमच्या पुस्तकातल्या त्या मुलीला दाराखालून उजेडाची चीर दिसते, आणि त्यात चार काळे ठिपके. तुम्ही म्हटलंय ते रिकाम्या खुर्चीचे पाय, म्हणजे नसलेली आई. मला ते इतकं आवडलं! पण ती मुलगी आता मोठी झाली असेल ना? तिला तुम्ही हे सांगितलंत? तिला काय वाटलं?" वर्ग तिच्याकडे बघत होता. "तिला पटलं," ती म्हणाली. आणि कान तापले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही म्हण आई कोणाबद्दल म्हणायची ते तिला आठवेना. बहुधा छापखान्यातल्या एखाद्या थोर लेखकाबद्दल.

ती दुपारी घरी गेली नाही, चालत राहिली. प्रुफांचा गठ्ठा पिशवीत होता आणि उद्या बारापर्यंत तो परत पोचायला हवा होता. रस्त्यावर एका दुकानाचं शटर कोणी खाली ओढलं, आणि त्या खडखडाटात तिच्या उजव्या हाताची बोटं आपोआप वाकली. अंगठा आणि पहिलं बोट, काहीतरी छोटं, गोल, गार पकडल्यासारखी. तिला कडी आतून सरकवल्यासारखी जाणवली. बाहेरून लागणारी कडी आणि आतून सरकणारी कडी यांचे आवाज वेगळे असतात. बोटांना हे माहीत होतं. बोटांनी तिच्या हातून ते लिहवूनही घेतलं होतं, चौदाव्या पानावर. ती फुटपाथवर उभी राहिली. एक बाई मुलाचा हात धरून तिला वळसा घालून गेली.

आणि मग ते आलं. एकदम नाही, ओला कागद सुटा करावा तसं, एकेक थर. आई स्वयंपाक करताना नाटकातली वाक्यं म्हणायची. हातात पळी, नजर भांड्यात, आणि आवाज असा की जणू समोर कोणीतरी उभं आहे. "मी आजपासून कुणाची आई नाही. ऐकलंत? मी कुणाचीच आई नाही." मग थांबून पुन्हा तेच, थोडं हळू, थोडं जोरात. कुठे श्वास घ्यायचा ते आई शोधत होती. टेबलाखाली बसलेल्या मुलीने तेवढं ऐकलं होतं. मुलं असल्या गोष्टी विचारत नाहीत. उत्तर खरं निघालं तर? रंगीत तालमीच्या दिवशी शेजारच्या मावशी तिच्यापाशी बसायला येणार होत्या. आतल्या खोलीत आईचा नाटकातला राखाडी कोट खुंटीला होता, संवादांची वही उशीखाली होती. आई बाहेर केस बांधत होती. मुलगी आत गेली, दार लोटलं, आणि वडिलांनी तिच्या हाताला यावी म्हणून खाली बसवलेली छोटी कडी सरकवली. कोट आत, वही आत, मुलगी आत. आता जा.

त्यापुढचं तिला नेहमीच आठवत होतं, फक्त भलत्याच दिवसाच्या खात्यात. लहानपणी एकदा ताप आला होता तेव्हा आईने एका बुटाची गोष्ट सांगितली होती. एक बूट आपला जोडीदार शोधायला निघतो. वाटेत त्याला कोणी पाय विचारतं, कोणी घोटा विचारतं. लांबच लांब गोष्ट, मध्येच थांबणारी, पुन्हा सुरू होणारी. आईचा आवाज खालून येत होता, फरशीला लागून. आपण पलंगावर होतो म्हणून तसं वाटलं असेल, असा तिचा समज होता. ताप कसला? आई दाराबाहेर फरशीवर पडून फटीतून बोलत होती. आधी रागावली, मग गोंजारलं, मग गप्प झाली, मग बूट निघाला. आणि दाराखालच्या उजेडात ते चार काळे ठिपके, ज्यांच्यावर तिने दीड पान लिहिलं होतं, ज्यांना तिने रिकाम्या खुर्चीचे पाय केलं होतं, ती आईची बोटं होती. शाईने काळी झालेली. आत घातलेली, फटीतून जेवढी जातील तेवढी. मुलगी त्यांच्याकडे बघत बसली आणि तिने त्यांना हात लावला नाही. हे तिला आता आठवलं, आणि भर रस्त्यात तिला वाटलं धरणी दुभंगेल तर बरं. कडी काढता येत होती. सोपी होती. संध्याकाळपर्यंत कधीही काढता आली असती.

आई त्याच दोन खोल्यांत राहत होती. आईकडे ती दर दुसऱ्या रविवारी जायची, चाळीस मिनिटं बसायची. दार उघडून आईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आज शुक्रवार. कोण गेलं?"

"कोणी नाही गं. सहज आले."

"सहज येणारी तू नव्हेस. बस. पाणी घे."

ती बसली नाही. आतल्या खोलीच्या दाराशी गेली. बाहेरच्या बाजूला रंगाचे किती थर होते, पण कडीची खूण नव्हती, खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. तिने आत जाऊन दारामागे हात घातला. कडी तिच्या कमरेच्या बरीच खाली होती. तिला वाकावं लागलं. गार लागली.

"या दाराला बाहेरून कडी होती का गं कधी?" तिने आतूनच विचारलं.

"आतल्या दाराला बाहेरून कडी कशाला? आत काय वाघ बांधायचा होता?"

ती बाहेर आली आणि चौदावं पान टेबलावर ठेवलं. आपण ते का दाखवतोय, कबुली द्यायला की पकडलं जायला, हे तिला धड कळत नव्हतं. आईने चष्मा लावला, वर भिंग धरलं. तिने आईच्या बोटांकडे पाहिलं. शाई नव्हती. बोटं बारीक झाली होती, फटीतून आता सहज गेली असती. आईने निळी शाई वाचली. "तसेच ठेवावे," ती मोठ्याने म्हणाली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "झालं तर मग. लेखिकेने तपासलं." तिने खणातून खोडरबर काढलं आणि स्वतःच्या हिरव्या अक्षरांवर फिरवायला लागली. 'पृ. ११' गेलं.

"खोडू नकोस!"

"अगं, नियम आहे. उत्तर आलं की शंका ठेवायची नसते. पुढचा माणूस गोंधळतो."

"मी तपासलं नव्हतं, आई. मी नुसतं लिहिलं. अक्षर ओळखलं आणि घाबरून लिहून टाकलं."

आईचा हात थांबला. खोडरबराचा चुरा तिने फुंकर मारून उडवला. "बरं," ती म्हणाली.

तिला त्या 'बरं'चा राग आला आणि राग आल्याची लाज वाटली. "तुला लगेच कळलं असेल. ती मुलगी कोण ते."

"पहिल्याच ओळीत. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग लिहायचं ना, हे खोटं आहे म्हणून. नुसती शंका काय काढलीस? परक्यासारखी!"

"अक्षर चुकलं तर मी सुधारते. गोष्ट तुझी. मी एवढंच म्हटलं, ही दोन पानं एकमेकांशी भांडतायत."

"एक फोन करायचास. विचारायचंस मला."

"तू विचारलंस?" आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिने खरंच आठवून पाहिल्यासारखं विचारलं. "आणि पुढे तूच लिहिलंयस की. नाटककार असो की मनाचा डॉक्टर, सगळे मुलाला विचारतात, आईला कोणी विचारत नाही. ते वाक्य चांगलंय. तिथे मी एकही खूण केली नाही."

ते वाक्य तिने भाषणांत किती वेळा म्हटलं होतं, आणि म्हणताना पुढच्या रांगेतल्या बायका माना डोलवायच्या. एका वर्षी एकीने डोळे पुसले होते. त्या कुठल्याच रांगेत तिने आईला बसवलं नव्हतं. तिने पेन काढून 'तसेच ठेवावे' वर आडवी रेघ मारली, एकदा, मग पुन्हा. "मी सगळं प्रकरण बदलते. लिहिते की कडी आतून होती, आणि मी लावली होती. माझ्यामुळे तुझी भूमिका गेली."

"गेली," आई म्हणाली. "दुसरी बाई उभी राहिली. बरी करायची म्हणे. मी बघायला गेले नाही."

"राग आला होता?"

आईने चष्मा काढला. हा प्रश्न ती झिडकारेल, पोरीचा कसला राग, असं काहीतरी म्हणेल आणि आपल्याला मोकळं करेल, असं तिला वाटलं. तसं वाटलं हेही तिच्या लक्षात आलं. "आला," आई म्हणाली. "दिवेलागणीला तू कडी काढलीस आणि अर्धवट झोपेतच माझ्या गळ्यात पडलीस, तेव्हा तर जास्तच आला. एवढं मऊ पोर अंगावर आणि मला वाटत होतं, खाली ठेवावं आणि निघावं. वर्षभर होता तो राग. वर्षभराहून जास्त. तुझी वेणी घालताना यायचा. मग कामात गेला असेल कुठेतरी." तिने पान पुन्हा आपल्याकडे ओढलं आणि अकरावं पान मागितलं. गठ्ठ्यातून काढून दिल्यावर ती ते भिंगाखाली धरून बसली. वाचत नव्हती, नुसती धरून होती. "पण मी म्हणते, बदलू नकोस."

"आई, ते खोटं आहे."

"आहे ना. मी कामाचं म्हणून एकदा वाचलं. मग उगाच पुन्हा वाचलं. ती बाई कडी लावते. कोट घालते. वही घेते. जिना उतरते, आणि तू लिहिलंयस, मागे वळून बघत नाही." आईने तिथल्या ओळीवर नख ठेवलं. "तुझ्या पुस्तकात तरी मी पोचले तालमीला."

बाहेर कोणीतरी जिन्यात सायकल ओढत नेत होतं. तिने मान वर केली नाही. वर केली तर आईचा चेहरा दिसला असता, आणि तो कसा दिसतो हे बघायचा हक्क आपण कधी कमावला, असं तिला वाटलं. नऊ वर्षं ती बाई पानापानावर जिना उतरत होती, आणि तिच्या मागून आपण बोटं मोडत होतो. खरं लिहावं तर आईला पुन्हा फरशीवर आणून बसवायचं. खोटं ठेवावं तर आपण पुन्हा कडी लावून बसायचं. समासात यातलं काहीच मावणार नव्हतं. तिने अकरावं पान आईच्या हाताखालून हलकेच काढून घेतलं आणि उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.

"पोचली असतीस तर काय झालं असतं?" तिने विचारलं. "सांग. ते नाटक काय होतं, तू कशी उभी राहणार होतीस. पहिल्यापासून."

"आत्ता?"

"आत्ता."

आईने कोऱ्या कागदावरून एकदा तळवा फिरवला. मग तिने विचारलं, आणि विचारताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, रविवारी चाळीस मिनिटं होत आली की पाहायची तसं.

"तुला वेळ आहे का पण?"

"आहे," ती म्हणाली. आणि खुर्ची ओढून आईसमोर बसली.